पांढऱ्या पतंगांचा खण

सोमवार, १२ जानेवारी

नोकरी लागली. या वयात हे वाक्य लिहायला मिळेल असं वाटलं नव्हतं, म्हणून जावयाने वाढदिवसाला दिलेली ही कोरी वही आज कपाटातून काढली.

नोकरी निसर्गसंग्रहालयात, कीटक विभागात. तिथले संचालक पूर्वी पुस्तकं छापून घ्यायला आमच्या छापखान्यात येत, तेव्हाची ओळख. छापखान्यात माझं काम एकच, रंग बघणं. यंत्रातून कागद बाहेर पडला की दिव्याखाली धरायचा, भिंगातून ठिपके बघायचे आणि सांगायचं, निळा किंचित कमी आहे, लाल चढलाय. मला तिथे घार म्हणत. तोंडावर घारकाका, पाठीमागे नुसतंच घार. संचालकांना ते अजून आठवतं. म्हणाले, "घारकाका, आम्हाला तुमचे डोळे हवेत." अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी येऊन सांगितलं तर ही म्हणते, "डोळेच हवेत ना? मग ते पाठवा आणि बाकीचे तुम्ही घरी राहा. माळा आवरायचाय."

सकाळी निघताना हिने सांगितलं की माझा एक मोजा काळा आहे आणि एक निळा. हल्ली मोजे असे रंगवतात की विकणाऱ्यालाही कळत नसेल. गडद निळा कसा असावा हे माहीत असलेली माणसं संपली.

बुधवार, १४ जानेवारी

काम काय ते आज कळलं. लिहून ठेवतो, म्हणजे मलाही नीट कळेल.

संग्रहालयात पतंगांचे खण होते. दोऱ्याने उडवायचे पतंग नव्हेत, दिव्यावर झडप घालणारे. काचेच्या झाकणाचे सपाट खण, आत टाचणीला टोचलेले शेकडो पतंग, पिढ्यान् पिढ्या गोळा केलेले. तीन वर्षांपूर्वी त्यातल्या एकेकाचा भलामोठा फोटो काढला गेला. पुढे इमारतीची दुरुस्ती निघाली, विभागाला कुलूप लागलं, आणि कुलूप उघडलं तेव्हा वाळके कीटक खाणाऱ्या किड्यांनी आत फन्ना उडवला होता. टाचण्या आणि नावाच्या चिठ्ठ्या उभ्या, पतंग गायब. आता जे काही आहे ते फोटोंत.

पण फोटो इतके अवजड की डिस्क भरून वाहायला लागली. दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती ती बंद पडली आणि नव्या डिस्कला मंजुरी मिळत नाही. म्हणून फोटो दाबून लहान करायचे. किती दाबायचे ते मी ठरवायचं. संचालक म्हणाले, "डोळ्याला फरक दिसणार नाही इतपतच दाबायचं. तुम्हाला नाही दिसला, तर कोणाला दिसणार?" एकेका खणासाठी मी आकडा ठरवून सही करायची. सही झाली की संगणकवाला त्या खणाचे फोटो दाबणार आणि मूळ फोटो पुसून पुढच्या खणासाठी जागा करणार.

विभागात एक संशोधक मुलगी आहे. जाड चष्मा, तोंडात कायम पेन्सिल. सातव्या खणात पांढरे पतंग आहेत, म्हणजे होते, त्यांच्यावर ती प्रबंध लिहितेय. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, सातवा खण सगळ्यात शेवटी घ्याल?" मी म्हटलं, "अगं मुली, सहानंतर सात येतो. मी काय करू?"

रविवार, १८ जानेवारी

मुलगी आणि जावई जेवायला आले होते. जावईबापू संगणकातलेच. फोटो दाबतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मी ताट समोर यायच्या आतच विचारायला घेतलं. उत्सुकता आवरेना. आयुष्यभर मी चित्रं ठिपक्यांत फोडलेली बघितली. आणि हे लोक त्या ठिपक्यांचं आणखी काय करतात ते मला ठाऊकच नव्हतं!

जावई म्हणाले, "बाबा, दोन तऱ्हा आहेत. एकीत काही हरवत नाही, दुसरीत हरवतं. समजा एका ओळीत लागोपाठ चाळीस काळे ठिपके आले. तर काळा, काळा, काळा असं चाळीसदा लिहायच्या ऐवजी चाळीस काळे एवढंच लिहायचं. उघडताना परत चाळीस मांडायचे. ठिपका न् ठिपका जागच्या जागी."

"म्हणजे गादीची वळकटी बांधली आणि सोडली की पुन्हा तीच गादी," मी म्हटलं.

"बरोबर. पण वळकटी होऊन होऊन किती लहान होणार? फार तर अर्धी. तुमच्या साहेबांना ती खिशात मावायला हवीय. मग दुसरी तऱ्हा. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात ठळक चढउतार किती आणि बारीक किती, ते मोजायचं. ठळक ठेवायचे. फार बारीक असतील ते शून्य धरायचे, म्हणजे टाकूनच द्यायचे. एकदा टाकले की परत येत नाहीत. पण डोळ्याला ते नाहीतरी जाणवत नाहीत."

"कोणाच्या डोळ्याला?" हिने आमटी वाढता वाढता विचारलं.

"माणसाच्या, आई."

"कोणत्या माणसाच्या? यांच्या की माझ्या?"

जावई हसले. म्हणाले, "साधारण माणसाच्या." ही म्हणाली, "पालेभाजी निवडायला यांना बसवलं की देठांबरोबर अर्धी पानं जातात, आणि वर म्हणतात फरक कळत नाही." सगळे हसले, मीही हसलो. बाईमाणसाला विषय कुठून कुठे न्यायचा याचं वरदान असतं.

एक गोष्ट मात्र मला झोंबली. माणसाचा डोळा म्हणे उजेड-अंधार बारकाईने बघतो आणि रंग ढोबळ बघतो. म्हणून उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची वेगळी, आणि रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एक. चार जणांत एक चादर! ज्याने आयुष्य रंगावर काढलं त्याने हे ऐकून जेवायचं कसं? तरी दोनदा भात घेतला.

मंगळवार, २० जानेवारी

आज पहिले तीन खण. स्क्रीनवर डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे दाबलेला. मध्ये एक पट्टी सरकवायची, शंभरपासून खाली. नव्वद, ऐंशी, सत्तर, काही फरक नाही. साठ, पन्नास, नाही. चाळीसला थांबलो तेही संगणकवाला घसा खाकरायला लागला म्हणून.

खरं सांगतो, थक्क झालो. संगणकवाल्याच्या हिशेबाने वीस हिस्से फेकून दिले, एक ठेवला, आणि चित्र जसंच्या तसं! ज्यांनी हे शोधलं त्यांनी माणसाचा डोळा काय अचूक ओळखला असेल. मी चाळीस या आकड्यावर सही केली.

नव्या गाड्यांचे दिवे फारच वाईट बनवतात. प्रत्येक दिव्याभोवती वलय. रस्ता ओलांडायचा कसा माणसाने? जिना चढताना ही हल्ली माझा हात धरते. इतक्या वर्षांच्या संसारात कधी धरला नाही, आता धरते. मी काही बोलत नाही. म्हातारपणी माणसं हळवी होतात, होऊ द्यावं.

शुक्रवार, २३ जानेवारी

सहा खण झाले. आज सातवा उघडला आणि त्या मुलीची आणि माझी जुंपली.

पांढरे पतंग. एकापुढे एक, सगळे सारखे. मी चाळीसवर पट्टी ठेवली तर ती उठून उभीच राहिली. "काका, गेलं! कड गेली!"

"कसली कड?"

"पंखांच्या काठाला केसाएवढी जांभळी कड आहे. अगदी फिकट. काहींना आहे, काहींना नाही. ही एक जात नाहीये काका, दोन आहेत. माझा सगळा प्रबंध त्यावर आहे. तुमच्या चाळीसमध्ये ते सगळे एकसारखे पांढरे होतात."

मी डावीकडचा मूळ फोटो मोठा करून बघितला. नाकाला पडदा लागेपर्यंत वाकून बघितला. पांढरं. त्यातही जरासं सायीसारखं, उबदार पांढरं. जांभळ्याचा मागमूस नाही. तसं सांगितलं. म्हणाली, "मूळ फोटोतही दिसत नाही तुम्हाला?"

या प्रश्नाचा सूर मला आवडला नाही. मी म्हटलं, "मुली, तू वर्षभर जांभळं शोधतेयस. कावीळ झाली की माणसाला जग पिवळं दिसतं. एकदा चष्म्याचा नंबर तपासून घे."

तिने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग म्हणाली, "निदान महिनाभर सही करू नका. माझं मोजमाप संपू दे." मी म्हटलं बघू.

शनिवार, २४ जानेवारी

संचालकांनी बोलावलं. आठव्या खणाला जागा नाही म्हणाले. "मुलगी हुशार आहे, पण शोध लावायची घाई झालीय तिला. तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, "पांढरं ते पांढरं." सही करून आलो.

सही करताना मन थोडं खट्टू झालं, खोटं कशाला लिहू. तिचा चेहरा आठवला. पण माझ्या पोटापाण्याचाच तो प्रश्न होता, मला दिसतं की नाही दिसत. मला दिसलं नाही.

घरी आलो तर शर्टावरून वाद. हिने दुसऱ्यांदा धुण्याची पावडर बदलली आणि माझे पांढरे शर्ट तरी पिवळेच. मी बोललो. तिने शर्ट खिडकीशी नेला, उलटसुलट करून बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या चौथी आणते." बिचारी.

गुरुवार, २९ जानेवारी

आठवा खण. तपकिरी पतंग. चाळीसवर दाबून बघितले, सही अजून बाकी. मुलगी समोर बसते, नमस्कार करते, पण 'काका' म्हणत नाही. दिवसभर टेबलापलीकडे पेन्सिल कुरतडल्याचा आवाज.

मला चैन पडेना. मी बरोबर आहे हे तिला दाखवायचं कसं? संगणकवाल्याकडून एका तपकिरी पतंगाचे दोन्ही फोटो, मूळ आणि चाळीसवाला, पेन ड्राइव्हवर घेतले. रविवारी जावयाला दाखवतो. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण तिला आरसाच हवाय.

रविवार, १ फेब्रुवारी

आज जे झालं ते सावकाश लिहितो.

जेवणं उरकल्यावर जावयाने दोन्ही फोटो लावले. मी म्हटलं, "बघा, आहे काही फरक?" ते माझ्याकडे बघायला लागले. मग आमची मुलगी आली आणि म्हणाली, "अय्या, हा दुसरा असा फरशा बसवल्यासारखा का दिसतोय?" मी म्हटलं कुठे? तिने बोटाने दाखवलं. मला तिचं बोट दिसलं.

जावई मृदू स्वभावाचे. म्हणाले, "बाबा, एक गंमत करू. डोळ्यांना विचारायलाच नको. मूळ चित्रातून दाबलेलं चित्र वजा करू. ठिपक्यातून ठिपका. उरेल ते, जे आपण फेकून दिलं."

चित्रातून चित्र वजा! असलं काही छापखान्यात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी खुर्ची ओढली. वजाबाकी केल्यावर स्क्रीन काळी झाली. मी म्हटलं, "बघा! शून्य!" ते म्हणाले, "थांबा, आता हे तीसपट ठळक करतो."

अंधारातून पतंग वर आला.

अख्खा पतंग. पंखांची कड, शिरा, मिशांचे केस, आणि मागच्या पंखावर आडवी गेलेली एक बारीक नागमोडी रेघ. जे टाकलं ते सगळं मिळून पतंगच होता. मी त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "ही मूळ फोटोत आहे?" सगळे एकदम हो म्हणाले. मूळ फोटो लावला. रेघ नाही. मी म्हटलं नाहीये. मुलगी म्हणाली, "बाबा, आहे." हिला बोलावलं. ही ओले हात पुसत आली, चष्मा नाही काही नाही, लांबूनच म्हणाली, "ती रेघ ना? आहे की."

यंत्र खोटं बोलत नाही, तीन माणसं खोटं बोलत नाहीत. मग राहिलं कोण?

छापखान्यात एखाद्या रंगाचा संशय आला की आम्ही एक करायचो. पांढरा कागद घ्यायचा आणि आधी तो बघायचा. आज हिच्याकडून धुतलेला शर्ट मागून घेतला आणि खिडकीपाशी उभा राहिलो. डावा डोळा झाकला, शर्ट पिवळा, जुन्या वर्तमानपत्रासारखा. उजवा झाकला, पिवळेपणा थोडा कमी. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. एकाच डोक्यात दोन छापखाने, आणि दोघांचीही शाई बिघडलेली! भीती वाटली, पण त्याआधी, शपथेवर सांगतो, मजाच वाटली. मी वही आणली, निळी बादली आणली, हिची जांभळी साडी आणली, सगळं एकेका डोळ्याने बघितलं. उजव्याला साडी तपकिरी, डाव्याला राखाडी. जांभळी कोणालाच नाही.

हिला म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"अहो, जिन्यावर तुमचा हात धरते तो काय प्रेमाने धरते?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर म्हणाला असता, बल्ब खराब आहे. तीनदा म्हणालात. तीनदा बल्ब बदलला, तीनदा पावडर बदलली. आता काय सूर्य बदलू?"

सगळ्यांना हसू आलं. मला आलं नाही, कारण मला सातवा खण आठवला.

सोमवार, २ फेब्रुवारी

दार उघडायच्या आधीच संग्रहालयाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. संगणकवाला आला तसं त्याला गाठलं. "सातव्या खणाचे मूळ फोटो?"

"ते तेव्हाच पुसले काका. तुमची सही आली ना, त्याच दुपारी."

"परत आणता येतील?"

"त्या जागेवर आठव्याचे दाबून बघितलेले फोटो चढले की."

संचालकांकडे गेलो. म्हटलं, मला दिसत नाही. ते म्हणाले, "काका, उगाच मनाला लावून घेताय. घारीची नजर आहे तुमची." मी म्हटलं, "घार आंधळी झालीय. माझ्या सगळ्या सह्या रद्द धरा, आणि आठव्यापासून पुढे एकही मूळ फोटो पुसू देऊ नका. वळकटी करा, काही न हरवणारी. जागा अर्धीच वाचेल, उरलेल्यासाठी डिस्क मागा. हवं तर माझ्या डोळ्यांचं कारण लिहा." त्यांनी संगणकवाल्याला फोन लावला. आठवा आणि पुढचे सगळे वाचले. पहिल्या सातांचं जे गेलं ते गेलं.

मग त्या मुलीकडे. चालत गेलो तो पॅसेज कधी एवढा लांब नव्हता. सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं, काका. दोनदा." आणि स्क्रीन बंद करून बाहेर गेली. इतक्या दिवसांनी काका म्हणाली, आणि मला वाटलं जमीन दुभंगावी.

आपण हसे लोकाला... पुढचं लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मी तिला चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं होतं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

डोळ्यांची डॉक्टरीण. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. मी विचारलं, "मग मला कळलं कसं नाही? माझा धंदाच बघण्याचा." ती म्हणाली, "रोज इतकं थोडं जातं, की कालच्यापेक्षा आज वेगळं वाटतच नाही. आणि उरलेलं मेंदू भरून काढतो." निळा आणि जांभळा आधी जातात म्हणे, पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं होतं.

मी आणखी दहा प्रश्न विचारले. भिंग कशाचं बसवणार, ते पिवळं पडतं का, जुनं काढलेलं बघायला मिळेल का. ती म्हणाली, "आजोबा, बाहेर पेशंट बसलेत."

गुरुवार, १९ फेब्रुवारी

उजवा डोळा झाला. डाव्याला अजून वेळ आहे. पट्टी काढली आणि मला पहिली दिसली ती खिडकी. आकाश एवढं निळं असतं? मी विचारलं, आज काही खास आहे का. नर्स म्हणाली, नाही, रोजचंच.

घरी आल्यावर कोपरेही दिसले आणि कोपऱ्यांतली धूळही दिसली. ही म्हणाली, "धुळीबद्दल एक शब्द बोलायचा नाही." आरशात एक म्हातारा आहे. हिची जांभळी साडी जांभळी आहे. किती वेळ बघत बसलो, शेवटी तीच लाजली.

शर्ट पांढरे आहेत. चौथ्या पावडरीचे पैसे वाया.

मंगळवार, ३ मार्च

आज संग्रहालयात गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं. मुलगी जागेवर होती. सातव्या खणाचे दाबलेले फोटो बघायचेत म्हटलं. म्हणाली, "कशाला त्रास करून घेता?" मी म्हटलं, बघू दे.

चाळीसवाला पांढरा पतंग. आता दिसलं. पंखभर चौकोन, पाटावर पिठाचे ठोकळे मांडावेत तसे. काठाशी धुरकट पांढुरकं काहीतरी, कड होती की नव्हती ते कोणालाही सांगता येणार नाही असं. एकामागून एक बघितले. सगळे सारखे. मीच सारखे केलेले. मी ते शेवटपर्यंत बघितले. मध्येच उठायचा मला हक्क नव्हता.

मग मी विचारलं, "तुझ्या प्रबंधाचं काय?"

"विषय बदला म्हणतायत. दोन जाती आहेत हे कशावरून, असं विचारलं तर दाखवू काय?" ती पेन्सिल कुरतडत नव्हती. पेन्सिल नुसती हातात होती.

"आणि खण कुठाय? खरा खण, लाकडी?"

"धुवायला काढलेत सगळे. मागे ठेवलेत. त्यात काय आहे काका? टाचण्या आहेत."

"तू बघितलंस?"

"फोटो होते ना. खण कशाला बघायचा?"

मलाही माहीत नव्हतं मी काय शोधतोय. पण छापखान्यात चित्र बिघडलं की आम्ही चित्राकडे बघत बसायचो नाही, यंत्राखाली काय सांडलंय ते बघायचो. मागच्या खोलीत गेलो. खण एकावर एक रचलेले. सातवा मधेच होता. दोघांनी मिळून, तसूभरही कलू न देता, तो टेबलावर आणला आणि काच उचलली.

आत पुठ्ठ्याच्या डब्या, प्रत्येक पतंगाची वेगळी. प्रत्येकीत टाचणी, टाचणीवर चिठ्ठी, आणि तळाला चिमूटभर भुकटी. पतंगाच्या पंखावर म्हणे बारीक खवले असतात, कौलांसारखे. पंखाचा रंग म्हणजे त्यांचाच रंग. किड्यांनी अंग खाल्लं, पंखांचा चुरा केला. पण खवले खाऊन कोणाचं पोट भरणार?

मुलगी काही बोलायला गेली. मी म्हटलं, "थांब. काही सांगू नकोस. कोणती डबी कोणाची तेही सांगू नकोस. चिठ्ठ्या झाक." तिने कागदाच्या पट्टीने चिठ्ठ्या झाकल्या. मी उठून पंखा बंद केला, खिडकी लावली, टेबलावरचा दिवा जवळ ओढला. खिशातलं छापखान्यातलं भिंग काढलं, नव्या डोळ्याला लावलं आणि पहिल्या डबीवर वाकलो.

पांढरे ठिपके. नुसते पांढरे. दुसरी डबी, पांढरे. तिसऱ्या डबीवर आलो आणि बघतच राहिलो. पांढऱ्या ठिपक्यांत मधून मधून वेगळे ठिपके होते. थोडेच. मी एकेक डबी बघत गेलो आणि हळू आवाजात सांगत गेलो. "कोरी. कोरी. जांभळी. कोरी. जांभळी. जांभळी." ती लिहून घेत होती. ओळ संपल्यावर तिने चिठ्ठ्यांवरची पट्टी काढली आणि आपल्या जुन्या मोजमापाशी एकेक ताडून बघितली.

मी विचारलं, "किती चुकल्या?"

तिने कागद माझ्याकडे सरकवला, एकाही नोंदीवर फुली नव्हती. भुकटी उडेल म्हणून तिने श्वास रोखून धरला होता. तोंड बाजूला वळवलं, भिंतीकडे, आणि मगच श्वास सोडला.